युद्धविरोध पुतळ्यापाशी थांबू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात कुठेही युद्ध पेटले की आपल्या सोलापूर शहरात दोन-तीन दिवसांत चार हुतात्मा पुतळ्यापाशी मेणबत्त्या लागतात, घोषणा होतात, फोटो निघतात. आलेल्या माणसांची कळकळ खरी असते, तिला कुणी नावे ठेवू नयेत. पण दुसऱ्या दिवशी त्या कळकळीचे काय होते ते पाहिले की जीव तुटतो. निवेदन कुणाच्या नावे होते, मागणी नेमकी कोणती होती, कागद दिल्लीत कुणाच्या टेबलावर पोचला, याचा कुणालाच पत्ता नसतो. हे काम नेटाने आणि पद्धतशीर कसे करता येईल, यासाठी हे पत्र. लांबले आहे, पण बारकावे गाळले तर त्याचा उपयोग राहणार नाही.

‘सोलापूरचा त्याच्याशी काय संबंध?’ हा प्रश्न हमखास येतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावात १९१० साली जन्मले आणि १९३८ साली चार सहकारी डॉक्टरांबरोबर, जपानशी लढणाऱ्या चीनमधल्या जखमींवर उपचार करायला गेले. ते पथक जावे म्हणून देशभर गावोगाव वर्गणी गोळा झाली होती. ज्यांनी आणा-दोन आणे दिले त्यांनी चीन नकाशावरही पाहिला नसेल. ही झाली आपली परंपरा. पोटाचा संबंध त्याहून सरळ आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. एका फेरीला दहा ते चौदा दिवस वाढले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून निघालेला टॉवेलचा कंटेनर तेवढे दिवस पाण्यावर राहतो, तेवढे दिवस कारखानदाराचे पैसे अडकतात, आणि मग मागावरच्या कामगाराची पाळी कमी होते. करमाळा-माढ्याची केळी तेरा अंशांच्या रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये आखातात जातात. जहाज लांबले तर तो माल कुणासाठी थांबत नाही. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात, आणि त्यांतले काही आपल्या गल्लीतलेही आहेत.

आता मागणीकडे येऊ. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ‘युद्ध थांबवा’ ही घोषणा आहे, मागणी नव्हे. मागणीत तीन गोष्टी लागतात: कुणी करायचे, काय करायचे आणि कधीपर्यंत. सोलापूरच्या माणसाचे बोट परक्या देशाच्या संरक्षणमंत्र्यापर्यंत पोचत नाही, पण आपल्या खासदाराचा सदरा त्याला धरता येतो. म्हणून मागणी भारत सरकारच्या हातातल्या गोष्टीची हवी. अशा गोष्टी मुख्यतः तीन आहेत. एक, संयुक्त राष्ट्रांत भारताचे मत. दुसरी, लढणाऱ्या देशांना इथून जाणारे युद्धसाहित्य. तिसरी, युद्धक्षेत्रात कामाला जाणारी आपली माणसे.

मत बदलत नाही असे कुणी म्हणेल तर त्याला दोन तारखा दाखवाव्यात. गाझातल्या युद्धाविषयीच्या ठरावावर २७ ऑक्टोबर २०२३ रोजी आमसभेत भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबर २०२३ रोजी युद्धबंदीच्या ठरावाला १५३ देशांनी पाठिंबा दिला, त्यांत भारत होता. मध्ये गेले फक्त साडेसहा आठवडे. पुढे १२ जून २०२५ रोजी तसाच ठराव आला तेव्हा भारत पुन्हा तटस्थ. म्हणजे मत दोन्ही बाजूंना हलते, आणि दिल्ली ते ठरवत असते त्या दिवसांत आपला कागद तिथे असायला हवा. युद्धसाहित्याच्या निर्यातीचा प्रश्न कोर्टातून सुटेल अशी आशा काहींना होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी याचिका फेटाळली, कारण परराष्ट्र धोरण हा न्यायालयाचा प्रांत नाही. तो दरवाजा बंद झाला, तेव्हा लोकप्रतिनिधींचा दरवाजा तरी वाजवलाच पाहिजे.

आणि तो वाजवल्याने उघडतो. इराकवरील युद्धाच्या विरोधात १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगातल्या शेकडो शहरांत लोक रस्त्यावर उतरले. पाच आठवड्यांच्या आत तरीही बॉम्ब पडले. ‘मग काय मिळवले?’ असे विचारणाऱ्यांनी पुढचे पाहावे. ८ एप्रिल २००३ रोजी आपल्या लोकसभेने या युद्धाची निंदा करणारा ठराव एकमताने केला. ‘निंदा’ हाच शब्द असावा म्हणून सभागृहात घासाघीस झाली होती. त्यानंतर अमेरिकेने भारताकडे सुमारे १७ हजार सैनिक मागितले. संसदेत झालेला ठराव आणि देशभरातला विरोध समोर असताना वाजपेयी सरकारने १४ जुलैला सैन्य पाठवायला नकार दिला. आपली मुले त्या वाळवंटात मेली नाहीत, ती यामुळे.

सह्यांच्या मोहिमेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे ती सर्वांत जास्त होते आणि सर्वांत जास्त वाया जाते. ए-फोर कागद आडवा घ्या, त्यावर वीस ओळी आखा. अनुक्रमांक, पूर्ण नाव, पत्ता, सही किंवा अंगठा, एवढेच रकाने. मोबाईल नंबर आणि आधार क्रमांक मागू नका. त्याची गरज नसते, आणि तो रकाना दिसला की माणूस पेन खाली ठेवतो. मागणीचा पूर्ण मजकूर प्रत्येक कागदाच्या माथ्यावर छापलेला हवा. पहिल्या पानावर मजकूर आणि मागे चाळीस कोरी पाने सह्यांची, असा गठ्ठा कुणी गंभीरपणे घेत नाही, कारण लोकांनी कशावर सही केली हे त्यातून सिद्ध होत नाही. एकाच हस्ताक्षरात पाच जणांच्या कुटुंबाची नावे आली की अख्ख्या कागदावर संशय येतो, म्हणून प्रत्येकाने स्वतः सही करावी. दोघांची जोडी, कडक पुठ्ठ्याची क्लिपबोर्ड पाटी, दोन पेने आणि शाईचा पॅड. एकाने बोलायचे, दुसऱ्याने कागद सांभाळायचा. संध्याकाळच्या दोन तासांत एका जोडीने दोन कागद पूर्ण भरले तरी पुष्कळ झाले. कारण माणसाशी बोलून घेतलेली सही पुढे बैठकीला येते, घाईत ओढलेली येत नाही.

भरलेले कागद त्याच रात्री मोबाईलवर स्कॅन करा. मूळ प्रत देताना सोबत आपली एक प्रत न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. पोच नसलेले निवेदन दिले नाही असेच समजा. टपालाने पाठवायचे तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती फाईलला लावा.

लोकसभेकडे याचिका करायची असेल तर तिचे नियम वेगळे आहेत. ती हिंदीत किंवा इंग्रजीत लागते. मराठीत केली तर सोबत सही केलेले भाषांतर जोडावे लागते. इतर कागदपत्रे जोडता येत नाहीत. आणि जो विषय सभागृहात रीतसर प्रस्ताव आणून मांडता येतो त्यावर याचिका स्वीकारली जात नाही. परराष्ट्र धोरणाच्या बहुतेक याचिका नेमक्या इथेच अडकतात. म्हणून याचिकेपेक्षा खासदारामार्फत लेखी प्रश्न हा मार्ग बरा. प्रश्न १५० शब्दांत बसावा लागतो आणि किमान पंधरा पूर्ण दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच हालचाल हवी. प्रश्नाचा मसुदा आपणच तयार करून द्या. ‘सरकारचे धोरण काय?’ असे विचारले तर उत्तरात प्रवचन येते. ‘किती भारतीय, कोणत्या देशात, कोणत्या वर्षी’ असे विचारले तर आकडा येतो. खासदार कोण हेही तपासा. शहर, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर सोलापूर मतदारसंघात येतात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस माढा मतदारसंघात. बार्शीकरांचा खासदार मात्र धाराशिवचा. बार्शीच्या सह्यांचा गठ्ठा सोलापूरच्या खासदाराच्या कार्यालयात नेऊन देणे म्हणजे तो कपाटात ठेवण्यासारखेच.

सामान्य माणसे यातून काय उभे करू शकतात याचा सर्वांत मोठा दाखला जपानमधला आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची किरणोत्सारी राख एका मासेमारी बोटीवर पडली. बाजारातले मासे कुणी घेईना. टोकियोच्या सुगिनामी भागात मासे विकणारे आणि वाचनासाठी जमणाऱ्या गृहिणी यांनी मिळून सह्या सुरू केल्या. वर्षभरात देशातून तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या, आणि ६ ऑगस्ट १९५५ रोजी हिरोशिमात अण्वस्त्रविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. सुरुवात कुठून झाली पाहा: न विकल्या गेलेल्या माशांपासून. आपल्याकडे सुरुवात सूत, रंग, डिझेल आणि गोडेतेलाच्या दरापासून होऊ शकते. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर सूर्यफूल तेलाच्या डब्याचे काय झाले ते घरातल्या बाईला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

सोलापुरात हे काम एका भाषेत होत नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, विजापूर वेशीकडे उर्दू. चार रीम, म्हणजे दोन हजार कागदांची पत्रके काढायची म्हटली तर एका ए-फोरचे दोन तुकडे धरून चार हजार होतात: दोन हजार मराठी, हजार तेलुगू, पाचशे कन्नड, पाचशे उर्दू. मजकूर एका बाजूला, दीडशे शब्दांपेक्षा जास्त नको, अक्षर मोठे. छपाईत दरवेळी एक घोळ होतो. उर्दू इनपेज या सॉफ्टवेअरमध्ये केलेले असते, मराठी जुन्या फॉन्टमध्ये, आणि छापखान्याच्या संगणकावर उघडले की अक्षरे फुटतात. प्रत्येक भाषेची पीडीएफ करून द्या आणि चार हजार छापण्याआधी एक प्रत त्या भाषेच्या माणसाकडून वाचून घ्या. पत्रकाच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव टाका. निनावी पत्रकावर कुणाचा विश्वास बसत नाही, पोलिसांचाही नाही.

वाटपाची वेळ कामाच्या वेळेवरून ठरवावी. विडी कामगार बायका विड्या जमा करून पान-तंबाखू घ्यायला रांगेत उभ्या असतात, तेव्हा त्यांच्याकडे ऐकायला वेळ असतो. पण हातात सूप नाहीतर पिशवी असते, म्हणून त्या वेळी पत्रक न देता बोलावे. यंत्रमागाच्या शेडमध्ये खडखडाटात काही ऐकू येत नाही. पाळी सुटताना फाटकाशी, दोन मिनिटांत बोलून होईल असेच बोलावे. रात्रीच्या कोपरा सभेला माईकची परवानगी असली तरी दहा वाजता तो बंद झालाच पाहिजे. दवाखाना, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल तर ते शांतता क्षेत्र असते, तिथे माईक लावूच नये.

मोर्चा आणि धरण्याला परवानगीचा अर्ज किमान आठ दिवस आधी संबंधित पोलीस ठाण्यात द्यावा, प्रत आयुक्तालयात. अर्जात तारीख, सुरुवात आणि समाप्तीची वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, माईक आहे की नाही, आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा आदेश शहरात वरचेवर लागू असतो. तो वाचून घ्या, कारण त्यात लाठ्याकाठ्या बाळगायला आणि पुतळे किंवा प्रतिमांचे प्रदर्शन करायला मनाई असते. म्हणजे बांबूला ठोकलेला फलक हीसुद्धा काठी ठरू शकते, आणि कुणाही नेत्याचा पुतळा जाळणे म्हणजे आपणहून गुन्हा ओढवून घेणे. फलक पुठ्ठ्याचा करावा, दोन भोके पाडून सुतळीने गळ्यात अडकवावा. हात मोकळे राहतात आणि कलमही आडवे येत नाही. जिल्हा परिषदेच्या पूनम गेटवर जागा मर्यादित आहे आणि त्याच दिवशी दुसऱ्या संघटनेचे उपोषण असू शकते, आधी पाहून या. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर असताना साडेपाचच्या आधी कुणाला बोलावू नये. दोनशे माणसांना दोन तासांसाठी माणशी अर्धा लिटर धरले तर वीस लिटरचे पाच जार लागतात. वीस माणसांमागे एक स्वयंसेवक, दंडाला एकसारखी पट्टी. निवेदन द्यायला आत पाच जणांपेक्षा जास्त नकोत, त्यांत दोन बायका हव्यात.

आता नाजूक मुद्दा. परदेशातले युद्ध आपल्या शहरात आले की त्याला धर्माचा रंग लागायला वेळ लागत नाही. एका पेठेतल्या लोकांना एका देशाचे दुःख दिसते, दुसऱ्या पेठेला दुसऱ्याचे. याचे उत्तर पहिल्या बैठकीतच द्यावे लागते. युक्रेनमधले रुग्णालय, गाझातली शाळा आणि इस्रायलमधले घर यांना एकच माप लावणार का? लावणार असाल तर या. नसाल तर तुमची सभा वेगळी घ्या. घोषणा आधी लिहून, सर्वांनी वाचून ठरवाव्यात. कुठल्याही धर्माचे, जातीचे किंवा लोकसमूहाचे नाव घोषणेत नको. सरकारच्या कृतीचा निषेध असावा. परक्या देशाचा झेंडा जाळू नये. दुसऱ्या दिवशी बातमी त्या झेंड्याची होते, मागणीची होत नाही. १९३१ साली १२ जानेवारीला येरवड्यात फासावर गेलेले आपले चौघे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा होते. त्यांच्या पुतळ्यासमोर उभे राहून एका समाजाविरुद्ध घोषणा देणाऱ्याला माईक देऊच नये.

फोटो आणि व्हिडिओचेही तसेच. सीरियातले जुने फोटो नव्या युद्धाचे म्हणून फिरतात. संगणकावरच्या युद्धखेळाची दृश्ये खरी लढाई म्हणून याआधी फिरली आहेत. फलकावर फोटो लावण्याआधी गुगल लेन्सवर तो टाकून पहिल्यांदा कधी प्रसिद्ध झाला ते पाहा. एक खोटा फोटो सापडला की तुमचे नव्वद खरे कागद लोक बाजूला सारतात.

सोलापूरसाठी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे आपल्या तरुणांना परक्या युद्धात जाण्यापासून वाचवणे. ‘मदतनीस’ किंवा ‘सुरक्षा रक्षक’ म्हणून रशियात नेलेल्या भारतीयांना तिथल्या सैन्यात घातले गेले. जानेवारी २०२५ पर्यंत परराष्ट्र मंत्रालयाने अशी १२६ प्रकरणे सांगितली, त्यांतले १२ जण मेले होते. हे का घडते ते समजून घ्या. कमी शिकलेल्या कामगारांना परदेशी जाताना सरकारी मंजुरी लागते ती ठरावीक देशांसाठी, त्यात आखाती देशही येतात. रशिया आणि इस्रायल त्या यादीत नाहीत. म्हणजे विमानतळावर हा अडसर नसतो आणि दलाल नेमका तोच फायदा उठवतो. तेव्हा आयटीआय, एमआयडीसी आणि ग्रामपंचायतीच्या फलकांवर एकच कागद लावावा: एजंटचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, दोन-तीन लाख मागणारा तिथेच उघडा पडतो. वाचता न येणाऱ्या भाषेतल्या करारावर सही करू नका. पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका. गावातून कोण कुठे गेला आहे याची नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवावी, असा ठराव ग्रामसभेत आणता येतो. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी असेल ती. माणसे तेवढी नसली तर सभा तहकूब होते आणि विषय लांबतो, म्हणून आदल्या दिवशी घरोघर फिरावेच लागते. ‘युद्धाचा निषेध’ असा विषय दिला तर आपल्या अखत्यारीत नाही असे उत्तर मिळेल. नोंदवहीचा विषय दिला तर ते म्हणायला जागा राहत नाही.

माहितीच्या अधिकाराबद्दल दोन ओळी. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. शस्त्रनिर्यातीचे परवाने मागितले तर कलम ८ खाली नकार येणार हे धरून चाला. परदेशातल्या कामगारांच्या तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे मागितले तर मिळू शकते.

वर्गणी पावतीपुस्तकावरच घ्यावी, दर महिन्याला हिशेब फलकावर लावावा. दुबईत असलेला, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे देऊ शकतो. पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मामाचे पैसे परकीय देणगी ठरतात आणि त्यासाठीची सरकारी नोंदणी नसताना घेतले तर अख्खे काम बंद पडू शकते. नम्रपणे परत करावेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ११ मोठ्या बंदरांतल्या सुमारे ३,५०० कामगारांच्या महासंघाने जाहीर केले की गाझातल्या युद्धासाठी जाणारा शस्त्रांचा माल आम्ही चढवणार-उतरवणार नाही. बंदरावरचा हमाल हे म्हणू शकतो तर आपल्या यंत्रमाग, विडी आणि वाहतूक कामगारांच्या संघटनांनी निदान एक ठराव करून तो वरच्या महासंघाकडे पाठवायला काय हरकत आहे? वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय सभेच्या आधी घालावा लागतो, ऐनवेळी मांडला तर अध्यक्ष नाकारू शकतात.

संपादक महोदय, शेवटी आपल्याकडे एक मागणे. संयुक्त राष्ट्रांत युद्धाविषयी ठराव आला की दुसऱ्या दिवशी आपल्या पानावर चार ओळींची चौकट द्यावी: ठराव कशाचा, बाजूने किती, विरोधात किती, भारताने काय केले. आणि अधिवेशन संपले की सोलापूर, माढा आणि धाराशिवच्या खासदारांनी परदेशातल्या आपल्या माणसांविषयी आणि युद्धाविषयी किती प्रश्न विचारले, त्यांची संख्या छापावी. ही माहिती संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली असते. ते कात्रण हातात घेऊन आम्ही खासदारांच्या कार्यालयात जाऊ.

आपले,
युद्धविरोधी काम करणारे काही नागरिक,
सोलापूर